उगाली किती जुनी?

केनियाच्या खाण्यापिण्याविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण उगालीपाशी येऊन थांबतो. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा हा घट्ट गोळा म्हणजे तिथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न, असं बेधडक सांगितलं जातं. तपासून पाहिलं तर हे टिकत नाही.

मका मुळात अमेरिकेचा. पोर्तुगीजांच्या काळात तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला, पण आतल्या मुलखात दीर्घकाळ दुय्यमच राहिला. तिथं पोटाला आधार विंबी आणि म्तामाचा, म्हणजे नाचणी आणि ज्वारीचा. (नाचणी भारतात आली तीही तिकडच्या डोंगराळ भागातूनच. कोकणात हे सांगितलं तर किती जणांना पटेल कोण जाणे.)

मक्यानं बाजी मारली ती विसाव्या शतकात. गोऱ्या मळेवाल्यांनी पांढरा मका लावला, कारण ब्रिटनमधल्या स्टार्चच्या कारखान्यांना पांढराच हवा होता. मजुरांना शिधा म्हणून त्याचंच पीठ मिळे. गिरण्या आल्या आणि दगडावर धान्य रगडणाऱ्या बायकांचे कष्ट वाचले. शिवाय मक्याचं कणीस पानांत गुंडाळलेलं; ज्वारीसारखं पाखरांपुढे उघडं नाही. राखणीला बसणारी पोरं शाळेत जाऊ लागल्यावर ही बाब क्षुल्लक राहिली नाही. 1964 साली संकरित बियाणं आलं आणि मक्याचं आसन पक्कं झालं.

यावरून काही जण उलट टोक गाठतात: उगाली ही वसाहतीची देणगी, तिला परंपरा म्हणूच नये. हेही उथळच. ती करताना जरा पाहावं. सुफुरियात, म्हणजे बिनदांड्याच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, आधण ठेवतात. मुठीमुठीनं पीठ वैरतात. मीठ सहसा नाही. मग म्विको या चपट्या लाकडी पळीनं कडेला दाबत, गोळा भांडं सोडेपर्यंत घोटतात आणि ताटात उपडा करतात. खाताना उजव्या हातानं लहानसा तुकडा तोडायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा, त्यात भाजी उचलायची. ॲल्युमिनियम नवं, पण पीठ घोटून गोळा करण्याची रीत विंबीच्या काळातली. पश्चिम केनियात विंबी-म्तामाची तपकिरी उगाली आजही शिजते. मका या चालत्या रीतीत मागाहून येऊन बसला, इतकंच.

खरी झीज झाली ती भाजीत, आणि उगालीच्या वादात नेमकी तीच नजरेआड होते. मानागू (आपली कामोणी), तेरेरे (माठाच्या कुळातली), सागा (आपली तिळवण) या पालेभाज्या तण म्हणून, गरिबांचं खाणं म्हणून हिणवल्या गेल्या. त्यांची जागा कोबी आणि सुकुमा विकी या केलसारख्या पालेभाजीनं घेतली. मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांच्यासारख्या संशोधकांनी या भाज्यांचं पोषणमूल्य चिकाटीनं मांडलं, तेव्हा कुठे त्या नैरोबीच्या सुपरमार्केटांत मानानं दिसू लागल्या. युनेस्कोनं 2021 मध्ये केनियाची दखल घेतली तीही एखाद्या पदार्थासाठी नव्हे. विस्मरणात चाललेल्या अन्नाचं ज्ञान गावोगावच्या जाणत्यांकडून, शाळकरी मुलांना सोबत घेऊन, टिपून ठेवण्याच्या कामासाठी.