प्रोसेसरचे गतिनियमन
कामाच्या भारानुसार संगणकाच्या प्रोसेसरची क्लॉक-गती कमी-जास्त करून वीज वाचविण्याची पद्धत. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापेत लागणारी शक्ती वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. त्यामुळे दोन्ही २० टक्क्यांनी उतरविल्यास ती जवळपास निम्मी होते. नुसती गती घटविली तर काम लांबते आणि ऊर्जा फारशी वाचत नाही. खरी बचत व्होल्टेजमध्ये आहे. इंटेलने २००० साली ‘स्पीडस्टेप’द्वारे ही सोय लॅपटॉपमध्ये आणली. लिनक्स कार्यप्रणालीत गतीचा निर्णय ‘गव्हर्नर’ हा तिचा घटक घेतो. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ (२०१९) यासारख्या महासंगणकांत हजारो गाभे एकाच वेळी तापतात. अशा ठिकाणी प्रोसेसरमध्ये वाचलेली वीज शीतकरणाचा भारही हलका करते.