तिथीवर उघडणारा रस्ता

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला रस्ता आहे का? या प्रश्नाचं उत्तर घड्याळ बघूनच द्यावं लागतं. समुद्र ओसरला की किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतची किलोमीटर-दीड किलोमीटरची जमीन उघडी पडते. लोक चालत जातात, घोडागाड्या जातात. काही तासांनी त्याच जागेवरून होड्या जातात. फोनवरच्या नकाशात मात्र तिथे कायम निळा रंग असतो. नकाशाला जागा कळते, वेळ कळत नाही.

वाळवंटात गाड्या घालणाऱ्यांचे व्हिडिओ मी आवडीने बघतो. समोरची वाळू चाक पेलेल की गिळेल, हे ती माणसं लांबून ओळखतात. ते बघताना दर वेळी वाटतं, ही विद्या आपल्या दारातही आहे. रायगडचा किनारा म्हणजे दिवसातून दोनदा भिजणारं आणि दोनदा उघडं पडणारं वाळवंटच. ते ओलांडायचं तर दोन गोष्टी वाचता याव्या लागतात: आकाशातली तिथी आणि पायाखालची वाळू.

आधी तिथी. कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी एक सोपा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारच्या आसपास समुद्र भरलेला आणि संध्याकाळी पार आत गेलेला. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. त्या पन्नास मिनिटांना पाऊण तासात बसवलेला हा हिशोब आहे. थोडाफार चुकतो, पण त्याला ना कागद लागतो ना नेटवर्क.

नुसती वेळ कळून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मुंबईजवळच्या समुद्रात मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि उतरतानाही तितकंच खोल उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरतही नाही. त्यामुळे उधाणाच्या सुकतीला जी वाट कोरडी मिळते, ती भांगाच्या सुकतीला गुडघाभर पाण्यात असू शकते. उलट, उधाणाचं पाणी परत फिरलं की झपाट्याने चढतं. वाट ऐसपैस उघडते, पण बंद होतानाही दयामाया दाखवत नाही.

या हिशोबावर एक अख्खा किल्ला उभा आहे. कुलाब्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केलं आणि त्यांच्या निधनानंतर संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर रचले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत-बाहेर करतं आणि तिचा जोर जिरतो. शेजारीच सर्जेकोट नावाचा छोटा कोट आहे, दोघांना जोडणारी दगडी वाट आहे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच आरमार चालवलं.

1721 मध्ये मुंबईकर इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून या किल्ल्यावर मोहीम काढली. कमोडोर मॅथ्यूजचं आरमार होतं, पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय जातीने आला होता. मोहीम फसली. आंग्र्यांच्या मदतीला शाहू महाराजांची फौज आली, बाजीराव पेशवे आले, आणि पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून परस्पर तह केला. याचं श्रेय भरती-ओहोटीला देणं भाबडेपणाचं होईल. लढाई माणसांनीच जिंकली. पण जागेचा विचार करून बघा. भरतीला किल्ला बेट असतो आणि भोवतालच्या खडपांमुळे मोठी जहाजं जवळ आणणं जिकिरीचं. ओहोटीला पायदळासाठी वाट उघडते, पण मोजक्या तासांपुरती. त्या वेळात तोफा ओल्या जमिनीवरून ओढत न्यायच्या, हल्ला करायचा आणि जमलं नाही तर त्याच वाटेने पाणी यायच्या आत परतायचं. आतल्यांना वेळापत्रक तोंडपाठ, बाहेरच्यांना नाही. मला वाटतं, या किल्ल्याचा सगळ्यात भक्कम तट कुठला असेल तर तो हाच.

इथून दक्षिणेला असलेल्या जंजिऱ्याशी तुलना केली की हे नीट कळतं. तिथे कुठल्याच ओहोटीला वाट उघडत नाही. सिद्दीचा तो किल्ला घेण्यासाठी संभाजी महाराजांनी 1682 मध्ये राजपुरीच्या बाजूने समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता. मोगलांची स्वारी कोकणात आल्यामुळे त्यांना तिकडे वळावं लागलं आणि काम अर्धं राहिलं.

आता वाळू. इथल्या भाषेत जमिनीला वेगवेगळी नावं आहेत. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडक, खाजण म्हणजे खाडीकाठची खारी दलदल. एकेका शब्दात चाकाचं भवितव्य दडलेलं आहे. आणि पुळणही सगळी सारखी नसते. सुरूच्या बनाजवळची वरची वाळू कोरडी. तिचे कण एकमेकांवरून घसरतात, चाक फिरेल तितकं खाली जातं. त्याखालचा नुकताच निथळलेला पट्टा घट्ट असतो, कारण कणांमधली पाण्याची पातळ साय त्यांना धरून ठेवते. मुलांचे वाळूचे किल्ले उभे राहतात ते याच सायीवर. अगदी पाण्यालगत, किंवा जिथे ओहोळ समुद्राला मिळतो तिथे, कणांमधली सगळी जागा पाण्याने भरलेली असते. पकड सुटते, जमीन खिरीसारखी हलते.

हे ओळखायला पाऊल पुरतं. ओल्या वाळूवर पाय दाबला की भोवती क्षणभर कोरडा, पांढुरका पट्टा उमटतो. दाबामुळे घट्ट बसलेले कण एकमेकांपासून किंचित दूर होतात आणि वरचं पाणी त्या फटींत उतरतं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने 1885 मध्ये याचं कारण मांडलं. असा पट्टा दिसला तर जमीन सहसा भरवशाची. वाळू चकाकतच राहिली आणि पायाखाली थलथलली, तर तिथून पुढे जायचं नाही.

सहाराच्या पूर्व भागात 1920 आणि 30 च्या दशकांत फोर्ड गाड्या घालणाऱ्या राल्फ बॅगनॉल्डनेही हेच कोडं सोडवलं होतं. चाकांतली हवा कमी करायची म्हणजे चाक पसरतं आणि भार वाटला जातो. रुतलंच तर खाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या. त्याच्या लक्षात आलं की वाऱ्याने कण ठोकून बसवलेली टेकडीची बाजू घट्ट असते आणि घसरून साचलेली बाजू मऊ. पुढे प्रयोग करून 1941 मध्ये त्याने उडत्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर पुस्तक लिहिलं, ते आजही वापरलं जातं. तिकडे ठोकाठोकीचं काम वारा करतो, इकडे लाट. फरक एवढाच की वाळवंटात रुतलेली गाडी उद्यापर्यंत तिथेच असते. आपल्याकडे तिला शोधत समुद्र येतो.

दर सुट्टीच्या हंगामात रायगडच्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर गाडी अडकल्याची बातमी येते. चित्र बहुतेक वेळा सारखंच: घट्ट पट्ट्यावर मजेत फिरलेली गाडी वर येताना कोरड्या वाळूत रुतते, चालक ॲक्सिलरेटर दाबतो, चाक आणखी खोल जातं आणि मागून भरती सुरू होते. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असली तरी तिला तिथी कळत नाही.

या विद्येत कधी जायचं नाही हेही येतं, आणि आज मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एकेका घरट्यात शंभरच्या आसपास, तीही भरतीरेषेच्या वरच्या मऊ वाळूत. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि पाण्याकडे सरपटतात. तळहातावर मावणाऱ्या त्या जिवाला चाकाची चाकोरी म्हणजे खंदक. त्यात पडलेलं पिल्लू चाकोरीतूनच पुढे जात राहतं, आणि उन्हाच्या किंवा पक्ष्यांच्या तावडीत सापडतं.

किल्ल्याच्या वाटेवर घोडागाड्यांची चाकं उमटतात, पण पुढची भरती ती पुसून टाकते. वरच्या वाळूतली चाकोरी तशी पुसली जात नाही, तिथवर समुद्र रोज पोहोचत नाही. म्हणून गाडी डांबरावर ठेवावी, पंचांगात तिथी बघावी, पाऊणपट करावी आणि पुढची वाट पायाने चालावी.