तारेपासून मोबाइलपर्यंत

१३ मे २०२३च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात दगडफेक, जाळपोळ झाली. निमित्त समाजमाध्यमावरच्या एका मजकुराचे. त्यात एकाचा जीव गेला. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीनेही मोर्चा आणि बंदनंतर असेच दिवस काढले होते.

अकोल्यात त्या दिवसांत गल्लीतल्या किराणा दुकानात मोबाइलवरून पैसे जाईनात. दुकानदार म्हणाला, "राहू द्या काकाजी, मंग द्याल." अफवा मात्र उधारीवर थांबल्या नाहीत. साध्या फोनवरून त्या घरोघर पोचत होत्या आणि खरे-खोटे पडताळायला हाती काही नव्हते.

ही बंदी कोणत्या कायद्याने? इंग्रजांच्या १८८५च्या तार कायद्याने! त्यातल्या कलम ५च्या आधाराने २०१७मध्ये नियम झाले. आदेश राज्याच्या गृहसचिवांनी काढायचा. १९४२मध्ये उषा मेहता आणि सहकाऱ्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ पकडायला इंग्रजांच्या पोलिसांना सुमारे अडीच महिने लागले. आता एका कागदाने जिल्हाभरचे फोन मुके होतात. २०२३च्या दूरसंचार कायद्यातही हा अधिकार कायम आहे.

दंगल शमवायला काही तास बंदी लागत असेल, ते मी नाकारत नाही. पण असा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितले. आमच्या गल्लीत तो कुणीच वाचला नव्हता. नेट सुरू झाल्याचे कळले, तेही नातवाच्या ओरडण्यावरून.