दाजीपूरच्या रानात मुक्कामाला जाण्यापूर्वी

यंदाच्या सहलीचा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला, तेव्हा दोन तट पडले. जोतिबा, पन्हाळा आणि नरसोबाची वाडी आजवर पुष्कळदा झाली, आता दाजीपूरच्या अरण्याकडे जाऊन दोन रात्री तंबूत राहू, असे तरुण भगिनींचे म्हणणे पडले. त्यावर एक वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "रानात मुक्काम करायला आपण काय शिकारीला निघालोय?" सगळ्याजणी हसल्या, पण हसण्यावारी गेलेला तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. कारण त्या रानाचा इतिहास शिकारीपासूनच सुरू होतो. स्मरणिकेसाठी काही लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह होताच. तेव्हा तोच इतिहास येथे थोडक्यात मांडते.

कोल्हापूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, फोंडा घाटाच्या माथ्याशी दाजीपूर आहे. संस्थानी काळात हे करवीरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. राजर्षी शाहू महाराजांना शिकारीचा शौक होता, हे सर्वश्रुतच आहे. त्या काळी राजेरजवाड्यांची शिकार म्हणजे एक हलते गावच असे. राहुट्या, डेरे, कनाती, मुदपाकखाना, घोडी आणि आसपासच्या वाड्यांतून गोळा केलेले हाकेकरी, असा सारा लवाजमा रानाच्या कडेला उतरे. तेव्हा तंबूतला मुक्काम ही काही आजची नवी हौस नव्हे. फरक इतकाच, की त्या तंबूंत तुम्हाआम्हाला जागा नव्हती. सामान्य घरातली बाई रानात जाई ती डोक्यावर मोळी आणायला, हौसेने नव्हे.

याच रानाच्या पायथ्याशी महाराजांनी दुसरे एक मोठे काम हाती घेतले. आपल्या कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांच्या नावाने त्यांनी राधानगरी वसवली आणि भोगावती नदीवर धरण बांधायला काढले. त्या जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. १९२२ साली महाराज निवर्तले, तेव्हा ते काम अपुरेच होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे पावसाळ्यात पाहायला आजही माणसे जातात. एका मुलीचे नाव गावाला आणि एका राणीचे नाव तलावाला, ही गोष्ट महिला मंडळाने तरी विसरू नये.

पुढे १९५८ साली त्याच शिकारीच्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. गव्यांसाठी राखलेले हे अरण्य महाराष्ट्रातील सर्वांत जुने अभयारण्य मानले जाते. वस्तुतः त्या वेळी महाराष्ट्र राज्य अद्याप जन्मालाही आले नव्हते. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर युनेस्कोने त्याची जागतिक वारशात गणना केली.

येथे मला एक तुलना करावीशी वाटते. कोल्हापूर दरबारात शिकारीसाठी चित्ते पाळले जात. ते माळावर काळविटांमागे सोडायचे. पुढे पुढे देशात चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा दरबाराने ते आफ्रिकेतून आणवले. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. २०२२ साली मध्य प्रदेशातील कुनो येथे पुन्हा आफ्रिकेतूनच चित्ते आणावे लागले. दाजीपूरचा गवा मात्र आपल्या घरीच राहिला. गवा चित्त्यापेक्षा शहाणा होता असे नव्हे. त्याचे रान राहिले म्हणून तो राहिला. माळाची मात्र शेती झाली, वस्ती झाली. जनावर वाचवायचे तर आधी त्याची जागा वाचवावी लागते, हा धडा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच लिहिलेला आहे.

या राखणीचा भार कोणी वाहिला, तेही सांगितले पाहिजे. धरणांच्या पाण्याखाली शेते गेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर अभयारण्यात गुरे चारणे, लाकूडफाटा आणणे, मध काढणे यांवर बंधने आली. रानालगतच्या वाड्यांतील बायांची चूल त्या फाट्यावरच चाले. आता आपण तेथे जाऊन हौसेखातर शेकोटी पेटवणार असू, तर त्या बायांनी आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहावे?

आणि हे रान आपल्यापासून दूर आहे, असेही कोणी समजू नये. अभयारण्याच्या कुशीत राधानगरी आणि काळम्मावाडी असे दोन जलाशय आहेत. भोगावतीचे पाणी पुढे पंचगंगेला मिळते. आणि २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडीचे पाणी थेट नळाने शहरात आले. सकाळी आपण हंडा भरतो, त्यात दाजीपूरचा पाऊस असतो. गवाही आपल्याला परका राहिलेला नाही. २०२१ च्या डिसेंबरात गवे कोल्हापूर शहराच्या कडेपर्यंत आले आणि मोठी घबराट उडाली. बघ्यांची गर्दी जमली, की बिथरलेले जनावर वाट फुटेल तिकडे धावते. नऊदहा क्विंटलांचा तो प्राणी, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा, वास्तविक भित्राच असतो.

तेव्हा काकूंच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : आपण शिकारीला निघालेलो नाही, म्हणूनच जायचे. राजाच्या रानात एके काळी ज्यांना जागा नव्हती, त्या बायांनी पाहुण्या म्हणून जायचे. मात्र पाहुणीने पाहुणीसारखे वागावे. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते, म्हणून दिवाळीनंतरची थंडी बरी. आत जायचे ते दिवसा, वनखात्याची परवानगी काढून आणि गावातला वाटाड्या घेऊन. मुक्काम रानाबाहेर, परवानगी असेल तेथेच. पहिल्या दिवसाच्या दशम्या, खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी. दुसऱ्या दिवशीची झुणका-भाकरी तेथील बायांकडून रीतसर पैसे देऊन करून घ्यावी. कर्णा आणि गाण्यांची पेटी घरी ठेवावी. भडक लुगडी नकोत. कागद-पिशव्या जशा नेल्या तशा परत आणाव्यात.

ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनीही मागे राहू नये. जलाशयाच्या काठी नुसते बसले तरी चालेल. त्या पाण्याकडे पाहताना आपल्या दारच्या नळाची आठवण झाली, तर सहल सार्थकी लागली असे मी समजेन. आणि काकू, पुढच्या बाकावरची जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे.