विश्वासाचे पोलाद कोठून आणावे?

१/ सुरी घडविणाऱ्याची खरी अडचण हातोडा उचलण्यापूर्वीच सुरू होते. पोलादाचे दोन तुकडे दिसायला सारखेच; त्यांत कर्ब किती आणि तो सर्वत्र सारखा आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. दोष उघडा पडतो तो पाणी दिल्यावर, म्हणजे श्रम वाया गेल्यावर. मग रसायनशास्त्र बाल्यावस्थेत असताना कारागीर कोणाच्या भरवशावर पोलाद घेत असे? #थ्रेड

२/ अठराव्या शतकात शेफील्डने उत्तर शोधले ते ठशात. स्वीडनच्या डॅनेमोरा खाणीतील खनिजापासून बनलेल्या लोखंडी कांबींवर भट्टीची खूण उमटवलेली असे. वर्तुळातले ‘एल’ अक्षर दिसले की गिऱ्हाईक जास्त दाम मोजी.

३/ या कांबी कोळशाच्या भुकटीत कित्येक दिवस तापवीत. कर्ब मुरे, पण कडेला अधिक आणि गाभ्यात कमी. घड्याळांच्या कमानींसाठी असे पोलाद पुरेना, म्हणून बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या दशकात ते मुशीत वितळवून एकजीव केले.

४/ दख्खन व दक्षिण भारतात मुशीतले पोलाद शतकानुशतके बनतच होते. लोखंड, लाकूड व पाने मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपीत. भट्टीतून निघे ती पोलादाची ढेप. कन्नडमध्ये ‘उक्कू’, इंग्रजीत ‘वूट्झ’.

५/ १७९४ मध्ये मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी अशा ढेपा लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविल्या. जॉर्ज पियर्सन यांनी त्या तपासून १७९५ मध्ये निबंध लिहिला. हे पोलाद खनिजापासून थेट बनत असावे, असा त्यांचा तर्क चुकला. माल हाती होता. भट्टी मात्र कोणी पाहिली नव्हती.

६/ पियर्सन यांच्यासाठी जेम्स स्टोडार्ट यांनी त्याचा चाकू घडविला. शस्त्रक्रियेची हत्यारे बनविणारे हे कुशल कारागीर. पुढे त्यांनी दुकानाच्या पत्रकावर छापले की, अनेक वर्षे तुलना करून युरोपातील उत्तम पोलादापेक्षा हे हिंदुस्थानी पोलाद आपण पसंत केले आहे.

७/ पण पुरवठ्याचे काय? १८०५ मध्ये डेव्हिड मशेट यांनी वूट्झचे नमुने तपासले, तेव्हा ते एकसारखे निघाले नाहीत. शिवाय कर्ब जास्त असल्याने ते विलायती सवयीने फार तापविले की हातोड्याखाली चुरा होई.

८/ इराणी व्यापाऱ्यांचा मार्ग निराळा होता. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम् येथे इस्फहानचा व्यापारी स्वतः भट्टीपाशी उभा राही, वजने करवून घेई, ढेपेची परीक्षा पाही. भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी यांच्या १८३२ मध्ये छापलेल्या वर्णनात हे आढळते.

९/ स्टोडार्टना तो मार्ग खुला नव्हता. त्यांनी लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडे यांच्यासह वूट्झसारखे पोलाद बनविण्याचे प्रयोग केले. निबंध १८२० व १८२२ मध्ये निघाले. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारले.

१०/ ठसा, स्वतःची मूस, अथवा भट्टीपाशी उभे राहणे : विश्वासाच्या या तीन वाटा. स्टोडार्टच्या पत्रकावर देशाचे नाव आले, ढेप घडविणाऱ्याचे नाही. त्याच शतकाच्या ओघात दख्खनच्या त्या भट्ट्या विझत गेल्या. संग्रहालयात जुनी तलवार पाहाल, तेव्हा मुठीवरील नावाबरोबर पात्यामागच्या त्या निनावी हातांचेही स्मरण ठेवा.