बसायची सोय

आमच्या वडिलांचा डावा कान गेलेला आहे. त्यांचे स्नेही पोस्टमास्तर, तेही आता निवृत्त, त्यांचाही डावाच. दोघे बाकावर शेजारी बसले, की एकाला ऐकू येते आणि दुसऱ्याला येत नाही. जागांची अदलाबदल करावी, तर ऐकणारा बदलतो, इतकेच. समोरासमोर बसणे हाच उपाय. पण आमच्या गावच्या नव्या बागेतले बाक सिमेंटात पक्के रोवलेले, आणि सगळ्यांची तोंडे कारंज्याकडे. बाग दिसायला सुरेख आहे. हिरवळीला साखळी आहे, साखळीला ‘आत बसू नये’ अशी पाटी आहे. उन्हाळ्यात सहा वाजले तरी बाक तापलेले असतात, आणि झाडांची सावली पडते ती नेमकी साखळीच्या आत. लोक मात्र बागेबाहेर, भेळेच्या गाडीशेजारच्या बुटक्या भिंतीवर दाटीवाटीने बसलेले असतात.

आमच्या माणसांना बागेची किंमत नाही, असे गावात म्हणतात. मीही म्हणत असे. मग विल्यम व्हाइट ह्या अमेरिकन गृहस्थांचे ‘द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस’ हे १९८० सालचे लहानसे पुस्तक हाती आले. इंग्रजी माझे यथातथाच. शाळेतला शब्दकोश उशाशी घेऊन ते वाचले.

त्यातली हकीकत अशी. न्यूयॉर्क शहराने १९६१ साली नियम केला, की इमारतीच्या पायथ्याशी लोकांसाठी एक चौरस फूट मोकळी जागा सोडणाऱ्याला दहा चौरस फूट जादा बांधकाम करता येईल. असा सौदा कोण सोडतो? चौकांमागून चौक निघाले. दगडी, गुळगुळीत आणि बहुतेक ओस! मौज अशी, की पार्क ॲव्हेन्यूवरच्या सीग्राम इमारतीपुढचा चौक, जो १९५८ सालचा, म्हणजे नियमाच्याही आधीचा, तो दुपारी माणसांनी फुललेला असे.

असे का, हे शोधायला व्हाइटसाहेबांनी १९७० च्या सुमारास काही तरुण मंडळी जमवली. लोकांना प्रश्न विचारत न बसता त्यांनी उंचावर कॅमेरे लावले आणि माणसे काय करतात ते पाहिले. आधी वाटले, हा उन्हाचा प्रताप असावा. थंड मुलखात उन्हाला आपल्याकडच्या सावलीचा मान. पण मोजदाद जुळेना. चौकाचा आकार पाहिला, लांबीरुंदी पाहिली, तेही जमेना. अखेर हाती लागले ते इतके साधे, की मला हसू आले : जिथे बसायला जागा, तिथे माणसे बसतात. सीग्रामच्या चौकातले कठडे आणि पायऱ्या सहज बूड टेकावे अशा उंचीच्या होत्या. झाले!

दुसरी गोष्ट मला फार पटली. आम्हांला निवांतपणा हवा, असे माणसे तोंडाने सांगतात. बसतात मात्र वर्दळीच्या काठाला. दोन मित्र भेटले, की येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत मधोमध उभे राहून बोलतात. लग्नमंडपाच्या दारातच गप्पा मारणारे आपले पाहुणे आठवा.

आणि तिसरी, सुट्या खुर्चीची. न्यूयॉर्कच्या ५३ व्या रस्त्यावर १९६७ साली पेली पार्क नावाची बाग झाली. रुंदी ४२ फूट, लांबी १०० फूट. आमच्या शाळेचे अंगण याहून मोठे आहे. मागच्या भिंतीवरून वीस फुटांचा धबधबा कोसळतो. त्याच्या आवाजात रस्त्याचा गोंगाट बुडतो. वर विरळ पानांच्या झाडांची सावली, खाली सुट्या खुर्च्या. माणूस बसण्याआधी खुर्ची चार बोटे सरकवतो, कधीकधी पुन्हा होती तिथेच आणून ठेवतो, हे व्हाइटसाहेबांनी टिपले आहे. खुर्ची सरकवून तो जागा आपलीशी करतो.

ह्या निरीक्षणांतून १९७५ साली शहराचे नियम बदलले. चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची झाली. सार्वजनिक ग्रंथालयामागचे ब्रायंट पार्क तर पुरते वाया गेलेले होते. १९३४ साली ते नव्याने आखले, तेव्हा रस्त्याहून उंच आणि कुंपण-झुडपांआड ठेवले. आतले बाहेरून दिसेना, म्हणून पुढे तिथे गांजाअफूवाल्यांचे राज्य झाले. व्हाइटसाहेबांनी सांगितले : झुडपे काढा, वाटा रुंद करा, आत काय चालले आहे ते रस्त्यावरून दिसू द्या. १९८८ साली बंद केलेली बाग १९९२ साली उघडली, ती हिरवळीवर आणि सावलीत सुट्या खुर्च्या मांडूनच. आज तिथे दुपारी खुर्ची मिळणे कठीण.

आपल्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. गावातला वडाचा पार काय वेगळा असतो? १९२५ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या दादरच्या शिवाजी पार्कला बुटका कट्टा आहे. त्यावर मैदानाकडे तोंड करून बसा, नाहीतर रस्त्याकडे. पाय आडवा टाकलात तर शेजाऱ्याकडेही. थोरल्या भावाकडे गेलो, की वडील संध्याकाळी त्या कट्ट्यावर जाऊन बसतात. एकदा तर एका अनोळखी आजोबांशी त्यांनी तासभर वाद घातला.

हे सारे टिपून मी आमच्या बागेच्या कारभाऱ्यांकडे अर्ज दिला : चार बाक सावलीत हलवावेत, दोन समोरासमोर मांडावेत, दहा सुट्या खुर्च्या ठेवून पाहाव्यात. खुर्च्या चोरीला जातील, असे उत्तर मिळाले. बाकांविषयी उत्तर मिळालेले नाही.

तोवर वडिलांनी आपली सोय पाहिली. घरातली लोखंडी घडीची खुर्ची बगलेत मारून ते बागेत जाऊ लागले. पहिल्या दिवशी रखवालदाराने दारात अडवले. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरही आपली खुर्ची घेऊन आले. रखवालदार त्यांच्या मुलाचा वर्गमित्र निघाला. आता दोघे बाभळीच्या सावलीत, साखळीलगत, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. परवा मी आणायला गेलो, तेव्हा भेळवाल्याने तिथेच आपली गाडी आणली होती.