गाडीखालचा तेलाचा डाग



इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे येतात, लढाया येतात, तह येतात. मी आज ज्या साधनावरून इतिहास सांगणार आहे, ते साधन म्हणजे जमिनीवर पडलेला तेलाचा डाग. रात्री मोटारसायकल अंगणात उभी करावी आणि सकाळी तिच्याखाली रुपयाएवढा काळा डाग दिसावा, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. जुन्या बुलेटचे मालक थट्टेने म्हणत, 'तेल गळायचे थांबले, तर समजावे की आतले तेल संपले!' माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात झाले. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मी बोलू शकत नाही. परंतु हा डाग कोणाच्या हातून पडतो, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे माझी पाठ सोडीत नाही. त्याचे कारण शेवटी सांगतो.

लांबच्या प्रवासाला मोटारसायकल घेऊन निघणारा मालक तिच्याकडून दोनच गोष्टी मागतो. निघालेली गाडी पोहोचली पाहिजे. आणि पोहोचल्यावर वर बसलेला माणूस माणसात राहिला पाहिजे. पहिलीला विश्वासार्हता म्हणा, दुसरीला सुख म्हणा. कंपनीच्या जाहिराती काहीही सांगोत, खरा निकाल मालकाची पाठ आणि त्याचे तळहात देतात. म्हणून मालकांचे बोलणे हे मी इतिहासाचे अस्सल साधन मानतो.

प्रथम इंग्लंडकडे पाहू. १९३७ साली ट्रायम्फ कंपनीची स्पीड ट्विन ही गाडी बाजारात आली. तिचा रचनाकार एडवर्ड टर्नर. दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे, क्षमता ४९८ सी.सी. गाडी हलकी, वेगवान आणि दिसायला देखणी. इतर इंग्रज कंपन्यांनी तिचाच कित्ता गिरविला. नोव्हेंबर १९४० मध्ये बाँबवर्षावात कॉव्हेंट्रीचा कारखाना उद्ध्वस्त झाला आणि १९४२ साली मेरिडन या गावी नवा उभा राहिला. हे नाव लक्षात ठेवा.

या इंजिनात एक जन्मजात खोड होती. त्यातले दोन्ही पिस्टन एकदम वर जात आणि एकदम खाली येत. उखळात दोन बायका कांडीत असल्या, तर एकीचे मुसळ वर असताना दुसरीचे खाली असते; दोघींनी एकदम घाव घातला तर घर हादरेल. पाचशे सी.सी.पर्यंत हा हादरा सोसवत होता. परंतु १९५९ साली ६५० सी.सी.ची बॉनव्हिल आली, १९७३ साली तीच ७४४ सी.सी.ची झाली आणि घाव वाढत गेला. मालक सांगत, शंभर मैलांनंतर हातांना मुंग्या येतात, दिव्याची तार तुटते, नट आपोआप सैल होतात. विजेच्या सामानाबद्दल तर इंग्रज मोटारसायकलस्वारांनी ल्युकस कंपनीला 'अंधाराचा राजा' अशी पदवीच देऊन टाकली होती. शिवाय इंजिनाची पेटी दोन उभ्या भागांची असे. त्यांचा सांधा नेमका तळातून, तेल साचते तिथून जाई. हादऱ्याने सांधा उलला की तेल पाझरलेच.

मात्र मालकांचे प्रेमही खोटे नव्हते. वळणावर ही गाडी रेषेवरून चालल्यासारखी चाले, आणि रस्त्यात बंद पडली तर दोन पाने घेऊन माणूस ती स्वतः चालू करू शके. ज्याची दुरुस्ती आपल्या हाताला साधते, त्याच्यावर माणसाचा जीव बसतो.

आता जर्मनीकडे या. १९२३ साली बी.एम.डब्ल्यू.ने मॅक्स फ्रिट्झ या अभियंत्याची आर-३२ ही गाडी काढली. तिचे दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे पसरलेले होते. टाळी वाजविताना दोन्ही हात समोरासमोर येतात आणि धड जागचे हलत नाही, तसे त्यातले पिस्टन एकमेकांचा धक्का खाऊन टाकतात. मागच्या चाकाला साखळीऐवजी फिरता दांडा. म्हणजे साखळी ताणणे नको, तिला तेल घालणे नको. ही रचना कंपनीने दशकानुदशके सुधारीत नेली. मालकांचे मत असे की गाडी महाग आहे, चपळ नाही, पण जिथे जायचे तिथे नेऊन पोहोचविते.

तिसरा देश जपान. १९६० साली एडवर्ड टर्नर स्वतः तिथले कारखाने पाहून आला आणि आपल्या मंडळींना सावध करणारा अहवाल त्याने लिहिला. ऐकून न ऐकल्यासारखे झाले. १९६९ साली होंडाची सी.बी. ७५० बाजारात आली. चार सिलिंडर, बटणाने चालू होणारे इंजिन, पुढे डिस्क ब्रेक. आणि पेटीचा सांधा आडवा, तळापासून वर. पुढे १९७४ साली होंडाने गोल्डविंग जगापुढे मांडली. ९९९ सी.सी., पाण्याने थंड होणारे चार आडवे सिलिंडर आणि साखळीऐवजी दांडा. जुने स्वार नाक मुरडून म्हणाले, 'हिच्यात जीव नाही.' पण सकाळी बटण दाबले की ती उठे, आणि तिच्याखालची फरशी कोरडी असे.

इथे आमच्या चळवळीवर एक आरोप येतो. इंग्लंडची मोटारसायकल तिथल्या संपकरी कामगारांनी बुडविली, असे मी कितीदा तरी ऐकले आहे. मेरिडनचा इतिहास काय सांगतो? १९७१ च्या गाड्यांसाठी वरिष्ठांच्या संशोधन केंद्राने नवा सांगाडा आखला. नकाशे कारखान्यात उशिरा पोहोचले. पोहोचले तेव्हा कळले की जुने इंजिन त्यात नीट बसतच नाही! बैठकीची उंची ३२ इंच. मध्यम उंचीच्या स्वाराचे पाय जमिनीला टेकेनात. ही उंची काही लेथवरच्या कामगाराने ठरविली नव्हती.

सप्टेंबर १९७३ मध्ये मालकांनी मेरिडन बंद करण्याचे जाहीर केले. कामगारांनी कारखाना अडवून धरला. ती नाकेबंदी सुमारे दीड वर्ष चालली. अखेर उद्योगमंत्री टोनी बेन यांच्या पुढाकाराने मार्च १९७५ मध्ये कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. सरकारने ४२ लाख पौंड कर्ज आणि साडेसात लाख पौंड अनुदान दिले. आरंभी सर्वांना सारखा पगार होता. १९८० साली त्यांनी बॉनव्हिलला बटण बसविले, आणि पुढे हादरा अडविण्यासाठी इंजिन रबरावर टेकवून पाहिले. परंतु इंजिनाचे मूळ १९३७ चेच होते आणि नवे घडविण्याएवढे भांडवल नव्हते. १९८३ साली संस्था मोडली. मालकी कामगारांकडे आली, पण कालबाह्य आराखडा त्यामुळे नवा झाला नाही, हे आपल्यालाही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे. हार्ले-डेव्हिडसन १९६९ साली ए.एम.एफ. या मोठ्या कंपनीच्या हाती गेली. उत्पादन भराभर वाढविले आणि मालकांच्या तक्रारीही वाढल्या: तेल गळते, जोडणी कच्ची आहे. १९८१ साली कंपनीच्याच १३ अधिकाऱ्यांनी ती परत विकत घेतली. १९८४ च्या गाड्यांना नवे इंजिन आले. कामगारांना स्वतःच्या कामाचे माप घेऊन त्याचे तक्ते ठेवायला शिकविले. कारखाने मिलवॉकीचे आणि यॉर्कचेच, पण गाड्यांखालचे डाग कमी झाले. यातून काय ते आपण समजावे.

आता माझे कारण. पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात लेथवरच्या एका सभासदाचे काम इन्स्पेक्टर वारंवार रद्द करी. त्याचा पगार कापला जाई. मी भांडलो, माल पास करून घेतला, आणि दारावर माझा जयजयकार झाला. त्याच रात्री युनियनची जुनी मोटारसायकल घेऊन परगावी निघालो. घाटात इंजिन धरले. सकाळी मिस्त्रीने ते उघडले आणि एका सांध्यावर नख फिरवून म्हणाला, 'साहेब, हे तोंड सपाटच नाही. कागदाएवढा फरक आहे. इथून सगळे तेल गेले.'

मी रात्रभर थंडीत कुडकुडत बसलो होतो, म्हणून हे शब्द मला झोंबले. असाच एखादा तुकडा कुणीतरी भांडून पास करून घेतला असेल! परत आलो तो त्या सभासदाच्या लेथपाशी गेलो. लेथचा बेडच झिजलेला होता. त्यावर खुद्द विश्वकर्म्याच्या हातूनही सपाट काम झाले नसते. दुसऱ्या दिवशी द्वारसभेत मी सांगितले, 'काल मी चूक मागितले. वाईट माल पास करा, ही आपली मागणी नव्हे. लेथ दुरुस्त करा आणि तोवर पगार कापू नका, ही आपली मागणी.' टाळ्या पडल्या नाहीत. पुढच्या निवडणुकीत मी पडलो. लेथ मात्र आठ महिन्यांनी दुरुस्त झाला.

तेव्हा मंडळी, गाडीखाली डाग दिसला तर कामगाराला जरूर विचारा. आमची तयारी आहे. पण नकाशा कोणी काढला, यंत्र किती झिजले होते आणि काम पुरे करायला वेळ किती दिला होता, तेही विचारा. या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर तो डाग कोणाचा, हे आपले आपल्याला दिसेल.